कम्युनिटी कॉलेजातून खगोलशास्त्र: दुर्बिणीआधी कॅल्क्युलस

अमेरिकेतल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचा, विषय निघाला की आईवडिलांचा आवाज जरा खाली येतो. ओळखीतल्या कोणाची मुलगी बर्कलेला, कोणाचा मुलगा स्टॅनफर्डला, आणि आपल्या लेकाचं ‘सध्या इथेच, जवळच्या कॉलेजात’. त्यातही त्याला शिकायचंय काय, तर खगोलशास्त्र. म्हणजे काळजीत भरच.

काळजी करायला हरकत नाही, फक्त ती योग्य गोष्टीची करावी. कॉलेज लहान असल्याने कोणाचं अडत नाही. आयलीन कॉलिन्स यांनी १९७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची पदवी घेतली. पुढे सिरॅक्यूज विद्यापीठ, मग हवाई दल, आणि जुलै १९९९ मध्ये स्पेस शटलचं नेतृत्व करणारी पहिली स्त्री. त्या उड्डाणात शटलने अवकाशात सोडली ती चंद्रा क्ष-किरण वेधशाळा, म्हणजे आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. अपोलो-१३ मधले फ्रेड हेज यांचीही सुरुवात मिसिसिपीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात झाली. दोघेही मुळात वैमानिक, खगोलशास्त्रज्ञ नव्हेत, हे मान्य. पण दोन वर्षांच्या कॉलेजचा शिक्का त्यांना कुठे आडवा आला नाही.

मुलं मागे पडतात ती बहुधा एकाच कारणाने. या वाटेवरचा पहिला वर्ग गणिताचा आहे, हे त्यांना पहिल्या सत्रात कोणी ठणकावून सांगत नाही. पुढचं सगळं मी कॅलिफोर्नियाला धरून सांगते आहे. तिथे ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, विद्यापीठात जाण्याची वाट नियमांनी बांधलेली आहे आणि आपली वस्तीही भरपूर आहे. इतर राज्यांत तपशील बदलतील, गणित बदलणार नाही.

पायरी पहिली: ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ नावाचा कोर्स कशासाठी आहे ते ओळखा

जवळजवळ प्रत्येक कॉलेजात खगोलशास्त्राचे एक-दोन प्राथमिक कोर्स असतात. एकात सूर्यमाला, दुसऱ्यात तारे, दीर्घिका आणि विश्वरचना, शिवाय वेगळी घेता येणारी छोटी प्रयोगशाळा. हे कोर्स मुख्यतः इतर शाखांच्या विद्यार्थ्यांची विज्ञानाची अट पूर्ण व्हावी म्हणून असतात. त्यांत बीजगणितापलीकडे फारसं गणित नसतं. खगोलभौतिकीची पदवी देणारी विद्यापीठं प्रवेशासाठी हे कोर्स बहुधा मागत नाहीत.

तरी एक जरूर घ्यावा, आणि पहिल्या वर्षीच घ्यावा. वर्णपट कसा वाचायचा, ताऱ्यांचा रंग आणि तेजस्विता यांचा आलेख काय सांगतो, अंतरं कशी मोजतात, याचा नकाशा डोक्यात बसतो. आवड वरवरची असेल तर तेही कळतं. कृष्णविवरांचे व्हिडिओ आवडणं वेगळं आणि रात्री दोन वाजता थंडीत बसून एकाच ताऱ्याचे शंभर फोटो घेणं आवडणं वेगळं. पुस्तकाचा खर्च टाळायचा असेल तर ओपनस्टॅक्सचं खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. त्याच्या मुख्य लेखकांपैकी अँड्र्यू फ्रॅकनॉय यांनी लॉस अल्टोस हिल्सच्या फूटहिल कॉलेजात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातच, अनेक वर्षं शिकवलं. त्यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली सिलिकॉन व्हॅली खगोलशास्त्र व्याख्यानमाला यूट्यूबवर आहे. नोकरी सांभाळून किंवा एच-४ वर (जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) घरी असताना नुसत्या हौसेखातर शिकायचं असेल, तर या एका कोर्सवर थांबलात तरी चालेल. खालचं सगळं व्यवसाय म्हणून बघणाऱ्यांसाठी.

पायरी दुसरी: गणित-भौतिकीची साखळी मागून पुढे मोजा

खगोलभौतिकीच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जाण्याआधी साधारण हे पूर्ण करायचं असतं: कॅल्क्युलसचे तीन सेमिस्टर (तिसरा अनेक चलांचा), रेषीय बीजगणित, विकलक समीकरणं आणि कॅल्क्युलसवर आधारित भौतिकशास्त्राचे तीन सेमिस्टर, म्हणजे यांत्रिकी, विद्युत-चुंबकत्व, आणि उष्णता-प्रकाश-आधुनिक भौतिकी. बऱ्याच ठिकाणी रसायनशास्त्राचा एखादा कोर्स आणि प्रोग्रामिंगही लागतं.

यादी लांबलचक नाही. अडचण अशी की हे कोर्स एकापुढे एक ओवलेले आहेत. पहिलं कॅल्क्युलस झाल्याशिवाय, किंवा निदान सोबत घेतल्याशिवाय, यांत्रिकी मिळत नाही. यांत्रिकीशिवाय विद्युत-चुंबकत्व नाही. त्यामुळे उलटं मोजायचं. चौथ्या सेमिस्टरला भौतिकीचा तिसरा कोर्स हवा, तर तिसऱ्याला दुसरा, दुसऱ्याला पहिला, आणि पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस. म्हणजे दोन वर्षांत एकही सत्र मोकळं नाही. ज्याला आधी प्री-कॅल्क्युलस करावं लागतं त्याची अख्खी साखळी एक सेमिस्टर पुढे सरकते. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत गणिताचा कोर्स करायचा, नाहीतर तिसरं वर्ष धरायचं.

तिसऱ्या वर्षाला घाबरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे ‘वर्ष गेलं’ म्हटलं की घरात सुतक येतं. पण घाईत कॅल्क्युलस आणि विद्युत-चुंबकत्व दोन्हींत जेमतेम सी श्रेणी मिळवून पुढे गेलेल्या मुलाचे विद्यापीठात फार हाल होतात. आणि इथे एक नियम आहे जो उशिरा कळतो: कॅलिफोर्नियात सी मिळालेला कोर्स श्रेणी सुधारायला पुन्हा घेता येत नाही. पुन्हा संधी असते ती डी किंवा एफ मिळाल्यावर, तीही मोजक्या वेळा, आणि मध्येच कोर्स सोडून घेतलेला ‘डब्ल्यू’ही प्रयत्नांत धरला जातो. तेव्हा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, डब्ल्यू न लागता कोर्स सोडण्याची मुदत संपायच्या आत, आपण कुठे आहोत ते प्रामाणिकपणे बघा.

डी अँझा आणि फूटहिलसारखी काही कॉलेजं सेमिस्टरऐवजी क्वार्टर पद्धतीने चालतात. तिथे वर्षाचे तीन तुकडे असतात आणि कॅल्क्युलस व भौतिकी प्रत्येकी चार भागांत विभागलेली असतात. अभ्यास तोच, वेग जास्त. एका क्वार्टरमध्ये फ्लूने आठवडाभर झोपलात तर सावरायला वेळ कमी. अशा कॉलेजातून सेमिस्टरच्या कॉलेजात, किंवा उलट, साखळीच्या मध्येच उडी मारू नका. भौतिकीची पूर्ण मालिका एकाच कॉलेजात संपवावी. अर्धी इथे अर्धी तिथे केली की विद्यापीठ कुठला भाग कशाला समतुल्य धरेल याचा भरवसा राहत नाही.

प्रोग्रामिंगचा कोर्स निवडताना पर्याय असेल तर पायथन घ्या. आज खगोलशास्त्रातलं बरंचसं काम आकडेवारीच्या फायलींवर होतं. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेची झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी २०१८ पासून आकाशाचा मोठा भाग पुन्हा पुन्हा टिपते आणि काय बदललं याच्या सूचना जगासाठी खुल्या करते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांचा या प्रकल्पात मोठा वाटा आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये आली. हा डेटा हाताळणारी माणसं पुढची अनेक वर्षं लागणार आहेत.

पायरी तिसरी: असिस्ट उघडा, मग काउन्सेलरकडे जा

असिस्ट डॉट ऑर्ग ही कॅलिफोर्नियाची अधिकृत साइट आहे. आपलं कॉलेज, हवं ते सरकारी विद्यापीठ आणि शाखा निवडली की कुठला कोर्स कुठल्याच्या बदली चालतो याची दोन रकान्यांची यादी समोर येते. बर्कले, यूसीएलए, सांताक्रूझ अशा तीन-चार ठिकाणांच्या याद्या उतरवून एका कागदावर मांडा. ऐंशी टक्के कोर्स सारखेच निघतील. उरलेल्यांवरून ठरवायचं की कुठल्या विद्यापीठासाठी कुठला जादा कोर्स घ्यायचा. यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) भौतिकशास्त्रासाठी सर्व कॅम्पसना धरून केलेली ‘ट्रान्स्फर पाथवे’ यादीही आहे, ती पायाभूत म्हणून वापरा. त्या वर्षीची पीडीएफ जपून ठेवा. कोर्सचे क्रमांक सध्या राज्यभर एकसारखे करण्याचं काम चालू असल्याने जुन्या मित्राने दिलेल्या क्रमांकांवर विसंबू नका.

हे सगळं काउन्सेलरकडे जाण्याआधी. काउन्सेलर चांगले असतात, पण त्यांच्याकडे नर्सिंगपासून संगीतापर्यंत सगळे येतात आणि खगोलभौतिकीवाला वर्षाला एखादा. सामान्य शिक्षणाचे कोर्स आधी उरका, असा सल्ला तिथे सहज मिळतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी तो बऱ्याचदा उलटा पडतो. इतिहास आणि कला पूर्ण, पण भौतिकीचा तिसरा कोर्स राहिलेला, असा अर्ज यूसीमध्ये कमजोर ठरतो. दर सेमिस्टरला दोन कोर्स गणित-भौतिकीचे आणि एखादा सामान्य शिक्षणाचा, असं मिश्रण ठेवलं तर डोकंही ठिकाणावर राहतं.

पायरी चौथी: पैसा

कोर्सचं वजन युनिटमध्ये मोजतात. राज्याच्या रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, क्वार्टर युनिटला ३१. पंधरा युनिटच्या सेमिस्टरला ६९० डॉलर आणि वर किरकोळ शुल्क. उत्पन्न कमी असेल तर कॅलिफोर्निया प्रॉमिस ग्रँटमधून हेही माफ होतं. बाहेरच्या राज्याच्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला मात्र युनिटमागे कित्येक पटींनी जास्त पडतं.

हायस्कूलमधल्या मुलांसाठी आणखी एक सोय आहे. ती अर्धवेळ विद्यार्थी म्हणून, ११ युनिटपर्यंत, ट्यूशन न भरता कॉलेजात कोर्स घेऊ शकतात. बारावीतच कॅल्क्युलस झालं तर वरच्या साखळीतली पहिली कडी निघून गेली. फक्त एवढं ध्यानात ठेवा की त्या श्रेणी कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहतात. सोळा वर्षांच्या मुलाला शेजाऱ्याशी बरोबरी म्हणून तिथे ढकलू नये.

पायरी पाचवी: वर्गाबाहेर काहीतरी खरं मोजा

कम्युनिटी कॉलेजचा खरा फायदा इथे आहे, आणि तो फार कमी जण उचलतात. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षी दोन-तीनशे जणांचा वर्ग आणि प्रयोगशाळेत पीएचडीचा विद्यार्थी. इथे तीस-चाळीस जण आणि प्रयोगशाळेतही प्राध्यापक स्वतः. त्यांच्या ऑफिस अवर्सना जा. शंका नसली तरी जा. दीड वर्षाने शिफारसपत्र लागेल तेव्हा त्यांना तुमचा चेहरा आठवला पाहिजे.

संशोधनासाठी मोठी दुर्बीण लागतेच असं नाही. सॅन लुइस ओबिस्पोच्या कुएस्टा कॉलेजात रस्सेल जेनेट यांनी खगोलीय संशोधनाचा एक छोटा वर्ग चालवला. त्यात एका सत्रात विद्यार्थी एखादा जोडतारा निवडायचे, दोन ताऱ्यांमधलं कोनीय अंतर आणि दिशा मोजायचे, जुन्या नोंदींशी ताडून बघायचे आणि शोधनिबंध लिहायचे. जोडताऱ्यांना वाहिलेल्या नियतकालिकात हे निबंध छापून आले, लेखकांत कम्युनिटी कॉलेजची आणि हायस्कूलचीही मुलं. असं मोजमाप घरच्या दुर्बिणीनेही जमतं. सप्तर्षीतल्या वसिष्ठापासून सुरुवात करा. अरुंधती नुसत्या डोळ्यांना दिसते, पण लहान दुर्बिणीतून वसिष्ठाचेही दोन तुकडे दिसतात, एकमेकांपासून साधारण १४ कोनीय सेकंदांवर (एका अंशात ३६०० कोनीय सेकंद). हे १४ तुमच्या हाताने आणि तुमच्या त्रुटीच्या अंदाजासह काढणं हा उत्तम पहिला प्रकल्प आहे. दुर्बीण नसेल तर नासाच्या एक्सोप्लॅनेट वॉचमध्ये आयत्या निरीक्षणांवरून परग्रहाच्या अधिक्रमणाचे, म्हणजे तो आपल्या ताऱ्यासमोरून जातानाचे, आलेख काढता येतात.

आकाश बघायला बे एरियात जागा पुष्कळ आहेत. फूटहिल कॉलेजच्या आवारात वेधशाळा आहे, डी अँझात तारांगण आहे, कॉलेज ऑफ सॅन मटिओत दोन्ही. सॅन होजेच्या वर माउंट हॅमिल्टनवर १८८८ सालची लिक वेधशाळा. वळणावळणांचा घाट आहे, गाडीत ज्यांना मळमळतं त्यांनी रिकाम्या पोटी जावं.

उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या (एनएसएफ) आरईयू या संशोधन योजनेत विद्यापीठं बाहेरच्या विद्यार्थ्यांना पगार देऊन संशोधनाला घेतात, आणि कम्युनिटी कॉलेजचे अर्ज येणं अनेक ठिकाणी त्यांना हवंच असतं. ऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत खास कम्युनिटी कॉलेजसाठी वेगळी इंटर्नशिप आहे. नासाचा कम्युनिटी कॉलेज एरोस्पेस स्कॉलर्स हा कार्यक्रम ऑनलाइन सुरू होतो आणि निवडक मुलं पुढच्या टप्प्यात जातात.

आता व्हिसाचं. नासाचा तो कार्यक्रम फक्त नागरिकांसाठी आहे. आरईयू आणि ऊर्जा खात्याची इंटर्नशिप नागरिक व ग्रीन कार्डवाल्यांसाठी. एच-४ वरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जायचं वय विसाच्या आसपास, म्हणजे ऐन पदवीच्या मध्यावर एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा घ्यायची वेळ येते आणि फी कुठल्या दराने लागणार हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरांनी हे पहिल्याच वर्षी कॉलेजच्या रहिवास ठरवणाऱ्या कार्यालयात आणि वकिलाकडे विचारून घ्यावं. अशा मुलांनी वेधशाळेत स्वयंसेवक व्हावं, प्राध्यापकांबरोबर क्रेडिटसाठी स्वतंत्र प्रकल्प करावा, खुल्या डेटावर काम करावं. शोधनिबंधावरच्या नावाला व्हिसा लागत नाही.

पुण्या-मुंबईहून थेट एफ-१ वर कम्युनिटी कॉलेजला यायचा विचार असेल तर मी तरी सुचवणार नाही. परदेशी फी भरून जे गणित-भौतिकी शिकाल ते तिथल्या चांगल्या बीएस्सीत होतं, आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था व नारायणगावजवळची खोडदची महादुर्बीण तर घराजवळच आहेत. मग पीएचडीला या.

पायरी सहावी: विद्यापीठाची निवड

खगोलभौतिकीची स्वतंत्र पदवी बर्कले आणि यूसीएलएला आहे, सांताक्रूझला भौतिकशास्त्राच्याच पदवीत खगोलभौतिकी घेता येते. लिकचा कारभार बघणाऱ्या यूसी वेधशाळांचं मुख्यालय सांताक्रूझमध्येच आहे. इतर बहुतेक कॅम्पसवर भौतिकशास्त्र घेऊन त्यात खगोलाचे विषय निवडता येतात, आणि पुढच्या दृष्टीने ते कमी नाही. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांताक्रूझ हे सहा कॅम्पस ‘टॅग’ म्हणजे प्रवेशाची हमी देतात. अर्ज १ ते ३० सप्टेंबर, एकाच कॅम्पसला, आणि प्रत्येक शाखेला लागू असेलच असं नाही, म्हणून त्या वर्षीची यादी बघा. बर्कले, यूसीएलए आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत.

कॅल स्टेटकडे, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसकडे, आपली माणसं बघतही नाहीत, ही चूक. सॅन डिएगो स्टेटची स्वतःची माउंट लगुना वेधशाळा आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये पीएचडीचा कार्यक्रम नसतानाही तिथल्या चमूने लिकच्या निरीक्षणांवरून जानेवारी १९९६ मध्ये दोन परग्रह जाहीर केले, एक सप्तर्षीतल्या आणि एक कन्या राशीतल्या ताऱ्याभोवती. भौतिकशास्त्रातली ट्रान्स्फरसाठीची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी घेतली की कॅल स्टेटमध्ये जागेची हमी मिळते, मात्र हव्या त्याच कॅम्पसची नाही. कॅल-ब्रिज हा कार्यक्रम तिथल्या विद्यार्थ्यांना पीएचडीपर्यंत नेण्यासाठीच चालतो.

पुढे काय

सरळ रस्ता म्हणजे पदवी, मग पाच-सहा वर्षांची पीएचडी. अमेरिकेत खगोलशास्त्राच्या पीएचडीला सहसा फी लागत नाही, उलट विद्यावेतन मिळतं. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक (तात्पुरत्या संशोधकाच्या) नेमणुका, शहरं बदलत, आणि कायमच्या प्राध्यापकपदासाठी प्रचंड गर्दी. हे मुलांपासून लपवू नये. पीएचडी करून बाहेर पडलेले कितीतरी जण डेटा, सॉफ्टवेअर, उपग्रह, वैद्यकीय प्रतिमा अशा कामांत जातात आणि बरे कमावतात. अवकाश-संरक्षण कंपन्यांतल्या बऱ्याच जागांना मात्र नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं.

नुसत्या पदवीवर वेधशाळांत दुर्बीणचालकाची नोकरी मिळू शकते. रात्रपाळी, उंच डोंगर आणि यंत्र बिघडलं की आधी तुम्हालाच हाक. ज्यांना हाताने काम करायला आवडतं त्यांच्यासाठी प्रकाशीय तंत्रज्ञ हा मार्ग आहे. त्यात दोन वर्षांची पदवी पुरते, पुढे विद्यापीठात जावंच लागतं असं नाही. रॉचेस्टर या कॅमेऱ्या-भिंगांच्या जुन्या गावात मन्रो कम्युनिटी कॉलेजात हा अभ्यासक्रम आहे. आरसे घासणं, लेप देणं, लेझर जुळवणं. आपल्या घरांत ‘टेक्निशियन’ म्हटलं की नाक मुरडतात, पण त्याच्याशिवाय एकही दुर्बीण चालत नाही.

तारांगणात कार्यक्रम करणारे, विज्ञानकेंद्रातले शिक्षक, हायस्कूलचे भौतिकीचे शिक्षक याही जागा आहेत. भौतिकी शिकवणाऱ्यांची शाळांना कायम गरज असते.

आणि कम्युनिटी कॉलेजात शिकवण्याची नोकरी. कॅलिफोर्नियात त्यासाठी भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र किंवा खगोलभौतिकीतली मास्टर्स पुरते, पीएचडीची सक्ती नाही. पूर्णवेळ जागा कमी निघतात. अर्धवेळ शिकवणारे एका दिवसात दोन-तीन कॉलेजं गाठतात, म्हणून त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. या मार्गाने जायचं असेल तर मास्टर्स करतानाच प्रयोगशाळेचे वर्ग घ्यायला लागा, आणि पहिली दोन-तीन वर्षं पगार कोर्सगणिक मिळेल, विम्याची सोय वेगळी बघावी लागेल, हे धरूनच घरखर्चाचा हिशेब मांडा.